देवापुढची साखर

महिन्याची उड्डाणं सीनियर पायलट आधी निवडून घेत. अरविंदच्या वाट्याला यायचं ते सणासुदीचं उरलंसुरलं. ज्येष्ठतेच्या यादीत वरचं कुणी निवृत्त झालं, की तो मुंबईहून सुरतेला फोन करी, “आई, एका नंबरनं वर सरकलो!” कुमुदताई लगेच देवापुढे साखर ठेवत.

यंदा पहिल्यांदाच त्याला मागितलेली दिवाळीची सुट्टी मिळाली. हौसेनं मोटार घेऊन निघाला आणि सुरतेजवळ, भेस्तानच्या अलीकडे ट्रकनं उडवलं. घरी तो यायच्या वेळेला बातमी आली.

तेराव्याला कंपनीतला योगेंद्र येऊन मान खाली घालून बसला.



“तू अरविंदच्या खालच्याच नंबरचा ना रे?” कुमुदताईंनी विचारलं. “आईला सांग, देवापुढे साखर ठेव म्हणावं.”