दहा की पंचवीस

"स्कोप खराब आहे," चटईवर पालथे पडल्या पडल्या कुशाबा म्हणाले. "फुली उडतेय आतमध्ये. माऊंट ढिला असेल, नाहीतर काचच भिकार. काढ हा. माझा लाव."

मेघनाने पाना घेऊन, स्कोपला रायफलवर धरून ठेवणाऱ्या माऊंटचे स्क्रू एकेक करून आवळून पाहिले. एकही फिरला नाही.

वरळीच्या नेमबाजीच्या रेंजवर सकाळची मंडळी पांगली होती. परवा मेघनाची निवड चाचणी होती, तिकडे मध्य प्रदेशात, सहाशे मीटरवर. मुंबईत एवढ्या लांब मारायला जागा कुठली? म्हणून सहाशे मीटरवरून दिसेल तेवढंच लहान टार्गेट तिने कागदावर छापून पन्नास मीटरवर लावलं होतं. दहा गुणांचा मधला गोल जेमतेम शर्टाच्या बटणाएवढा. रायफल रिकामी. नुसता नेम धरायचा, घोडा दाबायचा आणि स्कोपच्या काचेतली नेमाची फुली कुठे राहते ते बघायचं. आज जो स्कोप रायफलवर बसेल तोच परवा. तिथे बदलायला सवड मिळणार नव्हती.

कुशाबा पोलिसातले निवृत्त हवालदार. उभी हयात दहा पॉवरच्या, म्हणजे दहापट मोठं दाखवणाऱ्या, स्कोपवर काढलेली. मेघना कॉलेजात असल्यापासून त्यांच्या हाताखाली शिकलेली. आता गिरगावातून एका आर्किटेक्टच्या ऑफिसात जायची, पण रविवार रेंजचा. पॉवर वाढवली की टार्गेट मोठं होतं, तशी स्वतःची थरथरही मोठी होते, नेमबाज बिचकतो आणि घोडा ओढतो, हे कुशाबांचं म्हणणं. दहा पॉवरमध्ये फुली अख्खं बटण झाकून टाकते, जे दिसतच नाही त्याच्यावर नेम काय धरू, हे मेघनाचं. दोघांचंही खरं होतं, म्हणून तर वाद मिटत नव्हता.

हा वाद सुरू झाल्यापासून कुशाबांना चैन नव्हतं. डिलाईल रोडच्या घरी जेवता जेवता ताटावरून उठायचे, गॅलरीत येरझाऱ्या घालायचे, परत येऊन बसायचे, परत उठायचे. "पोरगी खेळतली, आणि घाम तुमका कित्याक?" असं बायकोने, सुभद्राबाईंनी, विचारलं तर त्यांच्यावरच खेकसले. आज सकाळी मात्र ठरवून आले होते. शिकवताना ते कधी चटईवर उतरत नसत. आज स्वतःच पडले. तिच्या स्कोपमधून, पुरत्या पंचवीस पॉवरवर, तिच्यासमोर खोट काढून दाखवायची.

"उठा काका, मी बघते."

मेघना चटईवर आली. गाल लावला, श्वास अर्धा सोडला आणि स्थिर झाली. नाडीच्या ठोक्यासरशी फुली किंचित उडते, हे प्रत्येक नेमबाजाला ठाऊक असतं. दोन ठोक्यांमधल्या फटीत घोडा दाबायचा. ही फट तिला कुशाबांनीच दाखवली होती.

"एकदम बरोबर आहे," ती म्हणाली. "घड्याळासारखी चाललीय."

"म्हणजे मी काय खोटं बोलतोय?"

"तसं कुठे म्हटलं?"

"सरक."

ते पुन्हा पडले. बटण ताटाएवढं होऊन समोर आलं. कुशाबांनी श्वास रोखला आणि फटीची वाट पाहिली. एक ठोका. दुसरा. त्यांनी बोट दाबायला घेतलं तोच मध्येच फुली उडाली. मग थांबली. इतकी थांबली की त्यांचं बोट अवघडलं. आणि मग लागोपाठ तीनदा उडाली, बाटलीत कोंडलेल्या माशीसारखी. माणसाचा ठोका असा असतो काय? दोष हातात सापडला म्हणून त्यांना बरंच वाटलं.

"ऐक आता. उडाली की सांगतो. आता... आता... थांबली... अजून थांबलीय... आता, आता, आता! बोल, काय म्हणणं आहे तुझं?"

मेघना त्यांच्या शेजारी गुडघे टेकून बसली. रायफलच्या दस्त्याखाली त्यांचा डावा हात होता. त्याच्या मनगटावर तिची दोन बोटं टेकली.

"हात काढ गो. हलतंय सगळं."

"नाही हलत. तुम्ही बघत राहा."

तिने बोटं काढली नाहीत. जरा वेळाने म्हणाली, "आता."

काचेत फुली उडाली.

"आता... नाही... नाही... आता. आता."

तिच्या शब्दाशब्दाला फुली उडत होती. तिला कसं कळतंय? कुशाबांनी काचेवरून डोळा काढून मान वळवली. मेघना टार्गेटकडे बघतच नव्हती. ती डोळे मिटून बसली होती आणि पुटपुटत होती, "नाही... आता."

त्यांनी घोड्यावरचं बोट हळूच काढून घेतलं.

मेघनाने डोळे उघडले. "निलेश!" तिने केबिनमधल्या रेंजच्या मदतनिसाला हाक मारली. "गाडी काढ रे! हॉस्पिटलला जायचंय, लगेच!"

"अगो, परवा तुझी..."

"परवाचं परवा बघू. उठू नका, कुशीवर व्हा नुसते." तिने रायफल बाजूला सारली. मनगट सोडलं नव्हतं. "काका, कधीपासून होतंय हे? छातीत असं फडफडल्यासारखं?"

कुशाबा कुशीवर वळले.

"आठवडा झाला असेल," ते म्हणाले. "मला वाटलं, तुझी काळजी लागलीय."