राहुकाळाच्या आत इंदिरानगर

बोलावलेली तिसरी गाडीही परस्पर रद्द झाली, तेव्हा महेश ओझरच्या विमानतळाबाहेर भर उन्हात उभा होता. गोव्याहून नाशिकला यायला लागला नसेल एवढा वेळ फाटकातून रस्त्यावर यायला लागत होता.

आणि हे नेमकं आजच. इंदिरानगरच्या सावळीराम जाधवांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "तुमचं एक आणि निफाडकडचं एक, अशी दोन स्थळं आहेत. आमच्या रोहिणीला फोटो दोघांचेही आवडलेत. रविवारी साडेचारला राहुकाळ लागतो. त्याच्या आत एकाची सुपारी फोडून आम्ही मोकळे होणार."

गोव्यात हॉटेलातली नोकरी म्हटल्यावर मुलीवाले महेशला दारातूनच वाटेला लावायचे. त्यात रोहिणीचा फोटो पाहिल्यापासून त्याला धड जेवण जात नव्हतं. आई कळवणला पाय मोडून पडलेली, म्हणून तो एकटाच निघाला होता.

"कुठं जायचं?" एका जुनाट जीपमधून म्हाताऱ्यानं विचारलं. पांढरीशुभ्र टोपी, मिशांना पीळ.

"इंदिरानगर. सावळीराम जाधवांकडे."

"म्हंजे रोहिणीला बघायला. बसा पाव्हणे, मीबी तिथंच चाललोय."

महेश चपापला. "तुम्ही त्यांच्या घरातले?"

"पोर आमच्या घरातलीच समजा. मला खंडेराव म्हणत्यात. एक पाव्हणा उतरायचा होता, म्हणून आलतो."

"मग तो आला नाही?"

"आला की," म्हणत म्हाताऱ्यानं गिअर टाकला.

महेशच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा मुलीचा आजोबा. हल्ली मुलीकडचे असंच करतात, माणूस पाठवून नवऱ्या मुलाचा स्वभाव जोखतात, असे किस्से कळवणच्या पारावर त्याने ढिगानं ऐकले होते. तो सावरून बसला आणि तोंडात साखर धरली.

जीप चालत होती, असं म्हणणं जिवावर येतं. आधी कांद्याचा ट्रॅक्टर पुढं गेला, मग एक सायकलवाला गेला. जानोरीच्या वळणावर तर एका कोंबडीनं जीपला मागं टाकलं आणि वर वळून पाहिलं.

"वेगानं हाकू का?" खंडेरावांनी विचारलं.

"छे छे, आजोबा. सावकाशच बरं."

दहाव्या मैलाला खंडेराव चहाला थांबले. बशीत ओतला, फुंकला, प्यायला, दुसरा मागवला. महेश दर घोटाला मोबाइलवर वेळ बघत होता. मागून रिकाम्या रिक्षा सुसाट नाशिककडे पळत होत्या. हात केला असता तर एखादी थांबली असती. पण ज्याला पसंत पडायचं तोच समोर बशी घेऊन बसलेला असताना धावत सुटायचं कुणाकडं?

"बिस्कीट खाता?"

"तुम्ही घ्या, आजोबा," महेश दातओठ खात, पण हसून म्हणाला.

आडगाव ओलांडलं तोवर सावळीरामांचा फोन आला. "कुठवर आलात? राहुकाळ जवळ आलाय. उशीर होणार असेल तर आम्हाला दुसरा विचार करावा लागेल."

खंडेरावांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, "माझं नाव घेऊ नका. मजा जाईल."

महेशला आता शंकाच उरली नाही. "काळजी करू नका, काका," तो फोनवर म्हणाला, "मी अगदी योग्य माणसाबरोबर आहे."

फोन ठेवल्यावर खंडेरावांनी जीप सरळ फुलबाजारात घातली. "आता आलोच हाय तर हार घिऊन जाऊ. कार्य म्हटल्यावर फुलं लागत्यात." एकेक हार नाकाशी नेऊन, झेंडूवाल्याशी हुज्जत घालून त्यांनी पाटी भरली. उचलली महेशनं. नव्या शर्टावर झेंडूचं पाणी ओघळलं.

द्वारकेच्या चौकात जीप बंद पडली. चारही बाजूंनी हॉर्न सुरू झाले. "जरा खाली उतरता का?" खंडेरावांनी मायेनं विचारलं. महेशनं बाह्या वर केल्या, जीप ढकलली, एका टेम्पोवाल्याच्या शिव्या खाल्ल्या आणि वर त्यालाच नमस्कार केला. खंडेराव आरशातून बघत होते.

"राग येत नाय का वो तुम्हाला?"

"माणसानं शांत असावं, आजोबा."

"लय भारी," खंडेराव म्हणाले. "नायतर आमचा अश्विन. मिरचीगत तडतडतो."

हा अश्विन कोण, हे विचारायचंही महेशला त्राण नव्हतं. मुलीचा भाऊ असणार.

इंदिरानगरला पोचले तेव्हा राहुकाळ लागून गेला होता. महेशला मात्र त्याचं काही वाटलं नाही. घरातलं वडीलधारं माणूसच वाटेत असताना सुपारी फोडणार कोण? डोक्यावर पाटी घेऊन तो जिना चढला. घामानं भिजलेला, केसांत पाकळ्या, हात ग्रीसनं काळे. आतून हसण्याचे आवाज येत होते.

दार सावळीरामांनीच उघडलं. ते वाकून खंडेरावांच्या पाया पडले.

"या आजोबा, या. तुम्ही सकाळी फोनवर म्हणालात तसंच केलं. तुमच्यासाठी न थांबता राहुकाळाआधी सुपारी फोडून घेतली. तो गोव्याचा मुलगा काही आलाच नाही."

सोफ्यावरून कपाळाला टिळा लावलेला एक तरुण लगबगीनं उठला आणि आजोबांच्या पाया पडला. त्याच्या शेजारी बसलेल्या रोहिणीनं पदर सावरला आणि तीही वाकली.

"सुखी राहा, अश्विन. सुखी राहा, नातसूनबाई," खंडेराव म्हणाले.

सावळीरामांचं लक्ष पाटीकडं गेलं. "आणि हे कोण?"

खंडेरावांनी महेशच्या खांद्यावर हात ठेवला. "विमानतळावर भेटला. लय गुणी पोरगा हाय, रागाचा म्हणून पत्ता नाय. तुमच्या नात्यात एखादी मुलगी असली, तर याच्यासाठी नक्की बघा."