पसरलेली पावलं

अंगठा उचलला, तरी पायावरचा खळगा भरून आला नाही.

बूटवाल्याने पुन्हा दाबून पाहिलं. समोर बसलेला म्हातारा स्कीशिक्षक हसला. "अहो, पाय मोजताय की मळताय?"

उद्यापासून त्याचा हंगाम सुरू होणार होता आणि जुन्या बुटांची बकलं लागत नव्हती. एक नंबर मोठा बूट द्या, असं त्याचं म्हणणं. त्यावर बूटवाल्याने नेहमीचं पुराण लावलं होतं. नंबर लांबीचा, रुंदीची गोष्ट वेगळी. उभं राहिलं की बोटं पुढे टेकायलाच हवीत, गुडघे वाकवले की ती मागे सरतात. मोठ्या बुटात टाच उचलते, आणि बर्फाच्या उतारावर टाच उचलली की माणूस कपाळमोक्ष करून घेतो. गेल्या हंगामात त्याने याच बुटांचं बाहेरचं टणक कवच तापवून रुंद करून दिलं होतं. "वय झालं की पावलं पसरतात," असंही वर ऐटीत सांगितलं होतं. ते तो सगळ्यांनाच सांगायचा.

मागच्या खोलीतून फटक फटक आवाज आला. तिथे त्याची बायको बुटांची अस्तरं शिवत असे.

"पाय उचलून चाल गं!" तो ओरडला आणि पुन्हा त्या खळग्याकडे बघत राहिला. थोरल्या भावाच्या पायावर असाच खळगा पडायचा. घरातले सगळे थट्टा करायचे. वर्ष सरायच्या आत भाऊ गेला.

"हे बुटाचं काम नाही," तो म्हणाला. "पायात पाणी भरलंय. आजच डॉक्टर गाठा."

"आणि उद्या शिकवायला कोण जाणार?"

"कुणीही जाईल. मी बूट देणार नाही."

शिक्षकाचं हसू मावळलं. बूटवाल्याला त्याची दया आली, आणि दया आली की तो उगाच चिडायचा. "घरात कुणाला डोळे नाहीत का? रोज बघणाऱ्या माणसाला एवढं दिसू नये?"

शिक्षकाने मोजे चढवले, साधे बूट कसेबसे पायात कोंबले आणि तो बाहेर पडला.

बायको चहा घेऊन आली. तिच्या पायात त्याच्याच सपाता होत्या. तिचं पाऊल मुळात इतकं अरुंद, की लग्नाआधी तिच्या बुटांत त्याने स्वतः हौसेने पट्ट्या भरून दिल्या होत्या.

"पुन्हा माझ्या सपाता? तुझ्या कुठे गेल्या?"

"चावतात मेल्या," ती कप ठेवत म्हणाली. "वय झालं की पावलं पसरतात. तुम्हीच सांगता ना?"

तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला, जन्मभर गिऱ्हाइकांसमोर बसत आला तसा. अंगठा पुढे केला. पण तो टेकवायचा धीर त्याला होईना.