गल्लीतलं पहिलं ब्रॉडबँड

मुलाने माझ्याकडे ब्रॉडबँड बसवून दिलं, तेव्हा मी सगळ्या गल्लीला सांगत सुटले. एकट्या आईसाठी एवढं कोण करतं हो आजकाल? घर त्याच्या नावावर केल्याचं चीज झालं म्हणायचं! यंत्र कुठे बसवायचं ते कंपनीला दाखवायला त्याने एकेका खोलीचे फोटोही काढले. खिडकीतल्या माझ्या औषधांच्या बाटल्या उचलल्या, काठी दाराआड ठेवली. "आई, जरा बाजूला हो ना, फोटोत येतेयस," असं दोनदा म्हणाला.

आज शेजारीण आली. तिच्या भाचीला घर विकत घ्यायचंय. म्हणाली, "तुमचं नेट पळतं म्हणे. आपल्या गल्लीत काही आहे का बघा ना."

मुलाने शिकवलं होतं तसं मी फोनवर 'विकाऊ घर' आणि गल्लीचं नाव टाकलं आणि मोठ्या रुबाबात फोन तिच्यापुढे धरला. पापणी लवायच्या आत फोटो उघडले. शेजारीण एकदा फोनकडे, एकदा माझ्या खिडकीकडे बघायला लागली, म्हणून मी चष्मा लावून पाहिलं. स्वयंपाकघर, बाहेरची खोली, खिडकी. खिडकीच्या फोटोत कडेला माझं अर्धं कोपर राहून गेलं होतं.



खाली लिहिलं होतं, "घर विकणे आहे. नवीन ब्रॉडबँडची सोय. सध्या एक वृद्धा राहते, महिनाअखेर हलवण्यात येईल."