सगळ्यात स्वस्त रिसीव्हर

वर्नन अमेरिकेतल्या डेटन शहरातल्या आमच्या ऑडिओच्या दुकानात आला आणि म्हणाला, घरी दोन दांडगे अ‍ॅम्प्लिफायर आहेत, ते जोडून सिनेमाचा आवाज त्यांना पुरवता येईल असा सगळ्यात स्वस्त रिसीव्हर द्या. माझं डोकंच फिरलं.

"अहो, एवढ्या भारी अ‍ॅम्प्लिफायरना हे डबडं लावणार? आवाज फाटेल नुसता!"

"फाटू दे. मागे जोडायची सोय आहे ना? बास."

"बास काय बास? पंधरा वर्षं हेच विकतोय मी. तुमच्या घरात कुणाला कान आहेत की नाही?"

वर्नन लालबुंद झाला. पैसे टाकले, डबडं उचललं आणि चालता झाला.

शनिवारी मालकाने जोडणीला नेमकं मलाच पाठवलं. धुसफुसतच त्याच्या तळघरात उतरलो, तर भिंतींवर एकही स्पीकर नाही! अ‍ॅम्प्लिफायरच्या वायरी सोफ्याखालच्या लाकडी चौथऱ्यात गेलेल्या, आणि तिथे फळ्यांना खालून हादरे देणारी चार यंत्रं आवळलेली.

"सिनेमा बघायचाय की घर पाडायचंय?" मी करवादलो.

वर्ननने सिनेमा लावला. त्याची बायको लॉरेटा मोजे काढून, चौथऱ्यावर अनवाणी पाय टेकून बसली. पडद्यावर घोडे उधळले तशा फळ्या थडथडल्या, आणि ती खळखळून हसली. मग माझ्याकडे बघत तिने नवऱ्याला बोटांच्या खुणांनी भराभर काहीतरी विचारलं.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

 

"म्हणतेय, दुकानात कानांची चौकशी करणारा माणूस तो हाच का?"