गच्चीवरची

शालनबाई गच्चीच्या दाराला कान लावून उभ्या होत्या. कुणी हटकलंच तर सांगायला काहीतरी हवं, म्हणून त्यांनी कपडे वाळत घालायची बादली बरोबर आणली होती. बादलीत एक हातरुमाल होता. तोही कोरडा.

दारापलीकडून त्यांच्या नवऱ्याचा, सीतारामरावांचा आवाज आला.

"हं, आता माझ्या गळ्यात हात टाक. घाई नाही. दुखलं तर सांग."

शालनबाईंनी बादली खाली ठेवली. 'दुखलं तर सांग' हे वाक्य यांना येतं, हे त्यांना इतक्या वर्षांच्या संसारात आज कळलं.

संशय तसा महिनाभराचा. सीतारामराव स्वारगेटला एसटीत कंट्रोलर होते. उभा महाराष्ट्र त्यांनी खुर्चीत बसून हलवला, आणि निवृत्तीनंतर खुर्ची घरची झाली, एवढाच काय तो फरक. गुडघे दुखतात म्हणून समोरचा पाण्याचा ग्लाससुद्धा मागून घ्यायचे. असा माणूस एके सकाळी ओट्याला धरून टाचा वर-खाली करू लागला. मग भिंतीला पाठ टेकून अर्धवट खाली बसू लागला. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणे, "काही नाही. व्यायाम." सत्तरीतला माणूस काही नाही म्हणून व्यायाम करत नसतो. मुलाने, सौरभने पाठवलेले बूट खोक्यात पडून होते, ते बाहेर आले. गुडघ्यांना बाम लागला आणि बामावर पावडर. बामावर पावडर कोण लावतं? घरच्या बाईला बामाच्या वासाने शिंका येतात, पण त्याची दखल आजवर कुणी घेतली नव्हती.

तेवढ्यावर त्यांनी सोडूनही दिलं असतं. पण आधी त्यांचा हिरवा गाऊन दोरीवरून नाहीसा झाला, आणि पाठोपाठ इंद्रायणी तांदळाची न फोडलेली पिशवी. अंगावर गाऊन, घरात तांदूळ. कुणीतरी संसार मांडत होतं. डाळ अजून जागेवर होती, म्हणजे वेळ गेलेली नव्हती.

"जोर पायात घ्यायचा, पाठीत नाही," पलीकडे सीतारामराव सांगत होते. "चल, उठू या. अगं, घाबरतेस काय?"

मग कण्हण्याचा आवाज आला. फक्त त्यांचाच. पलीकडची तरुण असणार. तिच्या गुडघ्यांतून चकार आवाज आला नाही.

तेवढ्यात सोसायटीचा वॉचमन संभाजी जिना चढून वर आला. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा होता.

"जयभीम, काकू. कंबर कशी आहे?"

"बरी आहे," शालनबाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या.

मागे त्या बाथरूममध्ये पडल्या होत्या. सीतारामराव उचलायला म्हणून वाकले, ते वाकलेलेच राहिले. शेवटी याच संभाजीने येऊन आधी काकांना सरळ केलं आणि मग काकूंना उचललं. ओल्या साडीनिशी, परक्या माणसाच्या हातांवर. त्या दिवसाबद्दल नवराबायको एक अक्षर बोलले नव्हते.

"वर कोण असतं रे सकाळचं?"

"काका असतात."

"आणि?"

संभाजी छताकडे बघू लागला. "ते तुम्ही काकांनाच विचारा."

शालनबाईंनी दार ढकललं.

टाकीच्या सावलीत सीतारामराव एका गुडघ्यावर होते. त्यांच्या मिठीत हिरवा गाऊन होता, बटणं नीट लावलेला. गाऊनच्या आत तांदळाची पिशवी होती.

कुणीच काही बोललं नाही. पिशवी तर नाहीच.

शालनबाईंनी पिशवीला एक फेरी मारली. संशय असा लगेच उठून जात नसतो.

"ही कोण?"

"तू."

"ही दहा किलोंची आहे. मी दहा किलोंची होते तेव्हा मला दात येत होते."

"हळूहळू वाढवायचं, असं त्या फिजिओथेरपीवाल्या बाई म्हणाल्यात."

"म्हणजे बाई आहेच."

सीतारामरावांनी गाऊनची कॉलर सरळ केली.

"आणि पावडर कुणासाठी?"

"बामाने तुला शिंका येतात. ऐन उचलताना शिंकलीस, तर पाडीन मी तुला."

शालनबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. मग कठड्याला धरून, टप्प्याटप्प्याने, त्या गच्चीच्या फरशीवर बसल्या.

"तिला बाजूला ठेवा."

"काकू, थांबा, मी धरतो," संभाजी पुढे आला.

"तू तुझा व्हॉल्व्ह बघ."

सीतारामरावांनी पिशवी टाकीला टेकवली. मग ते आले, गुडघा टेकला, गुडघा वाजला. शालनबाईंनी त्यांच्या गळ्यात हात टाकले. शिंक आली नाही. दोघं फरशीपासून वीतभर उठले आणि तिथेच अडकले. पाय थरथरत होते, पण नेमके कुणाचे ते कळायला मार्ग नव्हता. संभाजी व्हॉल्व्हकडे असा बघत होता, जणू तो आजच बसवलाय.

"दुखतंय का गं?" सीतारामरावांनी विचारलं.

शालनबाईंनी गळ्यातले हात आणखी घट्ट केले आणि त्यांच्या खांद्यावरून टाकीपाशी बसलेल्या हिरव्या गाऊनकडे पाहिलं.

"ती काय सांगते रोज?"