परतीचं पाकीट

"सर, तुमच्या पाकिटावर डाग पडला," अजिनाथ म्हणाला.

दमयंतीबाईंनी नवऱ्यासाठी आणलेला चहाचा कप नेमका त्यावरच टेकवला होता. कोपऱ्यात तपकिरी वर्तुळ उमटलं. मधुसूदन पैठणकरांनी ते रुमालानं पुसून पाहिलं, पण ते काही गेलं नाही.

"असू दे रे. माझं परतीचं पाकीट ते. माझ्याकडेच परत यायचंय."

गारखेड्यातल्या त्यांच्या जेवणाच्या टेबलावर दोन हस्तलिखितं होती. एक पैठणकरांचं, अकरा वर्षं घासूनपुसून लिहिलेलं. दुसरं अजिनाथ शिंगाडेचं, शेंद्र्याच्या कारखान्यात पाळ्या करत आठ महिन्यांत उरकलेलं. अजिनाथ त्यांचा जुना विद्यार्थी. त्याचे वडील अजून दौलताबादच्या किल्ल्याखाली मेंढरं चारत, आणि कादंबरीही मेंढरांचीच होती.

पुण्याच्या एका जुन्या प्रकाशकानं जाहिरात दिली होती. यंदा नव्या लेखकाची एकच कादंबरी काढणार. गृहस्थ हेकट, फोन, ईमेल काही मानायचे नाहीत. हस्तलिखिताबरोबर आपला पत्ता घातलेलं, तिकिटं लावलेलं परतीचं पाकीट जोडायचं, त्यातूनच निकाल येणार. नकार असेल तर एक कागद. होकार असेल तर करारपत्राचा गठ्ठा, आणि तो पंधरा दिवसांत सही होऊन गेला नाही तर संधी दुसऱ्याला.

अजिनाथच्या वस्तीवर पोस्टमन फिरकत नसे. म्हणून दोन्ही पाकिटांवर पैठणकरांचंच नाव आणि पत्ता होता. फरक आता त्या डागाचाच.

"सुतळी द्या, मी बांधतो," अजिनाथ म्हणाला. "गाठ आमच्याकडची, सुटायची नाय."

पैठणकर चष्मा आणायला आत गेले. परत आले तोवर दोन्ही पुडकी बांधून झाली होती.

"तुमचंच लागंल बघा, सर."

"बघू," पैठणकर म्हणाले.

त्यांना तसं मुळीच वाटत नव्हतं. अजिनाथचं शुद्धलेखन त्यांनीच तपासलं होतं. तिसऱ्या पानावर त्यांची पेन्सिल थांबली. विसाव्या पानावर एक मेंढी व्यायला बसली आणि पैठणकरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग राग आला. ज्याला ऱ्हस्वदीर्घ कळत नाही त्याला हे कसं कळतं? आपण अकरा वर्षं काय केलं? त्या दिवसापासून त्यांना स्वतःची कादंबरी उघडवेना. जळफळाट म्हणतात तो हाच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. भाषेचेच शिक्षक ना ते!

"तुमचंही चांगलं आहे हो," दमयंतीबाई म्हणायच्या.

त्या 'ही'नं त्यांचा जेवणातला रस जाई.

दोन महिन्यांनी, एका सकाळी, दारात पाकीट पडलं. जाडजूड. पैठणकरांनी ते उलटंपालटं केलं, उजेडाला धरलं. चारही कोपरे स्वच्छ होते.

म्हणजे अजिनाथ.

उघडायची हिंमत झाली नाही. आतली स्तुती वाचली असती तर ती जन्मभर पाठ झाली असती. बाहेर घंटागाडी वाजत होती. दमयंतीबाई आंघोळीला गेल्या होत्या. पैठणकरांनी पाकीट तसंच्या तसं ओल्या कचऱ्याच्या डब्यात घातलं, वर दोडक्याची सालं सारली आणि डबा स्वतः नेऊन रिकामा केला. परत आल्यावर हात दोनदा धुतले.

रविवारी अजिनाथ मेंढीच्या दुधाचा खरवस घेऊन आला.

"आलं का काही, सर?"

"नाही रे. वेळ लागतो या लोकांना."

"व्हय, लागू द्या. घाई नाय."

पैठणकरांनी खरवस तसाच झाकून ठेवला. पण कॅलेंडरवर ते रोज एक बारीक टिंब देत राहिले. पंधरा टिंबं झाली. अजिनाथची मुदत संपली. आता संधी दुसऱ्याला जाणार होती, आणि ती आपल्यालाच मिळेल अशी आशा त्यांना लाज न वाटता वाटू लागली.

महिना उलटला आणि दुसरं पाकीट आलं. कोपऱ्यात तपकिरी वर्तुळ. आणि जाडजूड!

पैठणकरांनी पाकीट जपून टेबलावर ठेवलं. मग जाऊन त्यांनी पेढे आणले, अजिनाथला फोन करून बोलावून घेतलं. त्याच्यासमोर उघडायचं होतं त्यांना. अकरा वर्षांत कुणी कौतुकानं पाहिलं नव्हतं, निदान या पोरानं तरी पाहावं.

अजिनाथ पाळी संपवून, कारखान्याच्या गणवेशातच आला.

"घे, तूच फोड," पैठणकर म्हणाले. "आणि मोठ्यानं वाच. काकूंना ऐकू दे."

अजिनाथनं पाकीट फोडलं. पहिली ओळ मनातच वाचली आणि कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

"वाच की!"

"सर, हे माझ्या नावाचं हाय."

"तुझ्या कसं असेल? माझं पाकीट आहे ते. डाग बघ."

अजिनाथ ओशाळला. "तुमी चष्मा आणायला गेलते ना, तवा मी पाकिटं बदलली. डागाचं पाकीट तुमच्या पुस्तकासंगं कसं लावायचं? मन होईना. चांगलं तुमच्या पुडक्यात टाकलं, डागाचं माझ्यात."

दमयंतीबाईंनी अजिनाथच्या हातातला कागद घेतला आणि त्या वाचायला लागल्या.

"श्री. अजिनाथ शिंगाडे यांस, सप्रेम नमस्कार. आमची पहिली पसंती श्री. मधुसूदन पैठणकर यांच्या कादंबरीस होती. त्यांना करारपत्र पाठवून महिना झाला, उत्तर नाही. नाइलाजाने त्यांच्या जागी आता आपली कादंबरी स्वीकारत आहोत. श्री. पैठणकर आपल्याच पत्त्यावरचे दिसतात, म्हणून विचारतो, त्यांची प्रकृती बरी आहे ना?"